पाळण्यांची मोजदाद

१० नोव्हेंबर १९३८. मुंबई विधानसभेत पी. जे. रोहम हे सदस्य एक ठराव घेऊन उभे राहिले. सरकारनं संततिनियमनाचा प्रचार करावा आणि त्याची साधनं लोकांना मिळतील अशी सोय करावी, ही त्यातली मागणी. रोहम स्वतंत्र मजूर पक्षाचे, आणि भाषणातला युक्तिवाद पक्षाचे नेते बाबासाहेब आंबेडकर यांचा. गरिबी, आईची ढासळणारी प्रकृती, पाठोपाठची बाळंतपणं हे मुद्दे त्यात होतेच. पण सभागृहातल्या पुरुषांना झोंबावा असाही एक मुद्दा होता. बाळंतपणाच्या कळा पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या, तर एका मुलापलीकडे जायला त्यांच्यातला कुणी तयार झाला नसता! मतदान झालं. ठरावाच्या बाजूनं ११, विरोधात ५२.

अडतीस वर्षांनी, १९७६ मध्ये, याच मुंबईत महाराष्ट्राच्या विधिमंडळानं उलट्या टोकाचं विधेयक मंजूर केलं. तीन मुलं झाली की आई किंवा बापाची नसबंदी सक्तीची. स्वेच्छेनं वापरायची साधनं सरकारनं द्यावीत, हे जिथं मान्य झालं नव्हतं, तिथं सक्तीची शस्त्रक्रिया मान्य झाली. या दोन टोकांच्या मध्ये मुंबई-पुण्यात एक नवं शास्त्र रुजलं. किती मुलं जन्माला येतात, किती जगतात, आईला किती हवी होती, हे मोजण्याचं शास्त्र. त्या शास्त्रानं बायकांना काय विचारलं आणि त्यांच्या उत्तरांतलं सरकारच्या कानांपर्यंत काय पोचलं, हा इतिहास कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाच्या जाहिरातींहून बराच जुना आहे.

त्याची सुरुवात एका गणिताच्या प्राध्यापकानं करावी, हे शोभूनच दिसतं. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, जन्म १८८२ चा. विल्सन कॉलेजात ते गणित शिकवत. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला आणि साधनं देणारं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना निघाला, तेही हेच साल. मिशनऱ्यांच्या कॉलेजला प्राध्यापकाचा हा उद्योग मानवणं शक्य नव्हतं. रघुनाथरावांनी नोकरी सोडली, उद्योग सोडला नाही. १९२७ च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते चालवलं. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र आणि आत वाचकांच्या लैंगिक शंकांना रोखठोक उत्तरं. खटले भरले गेले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र घेतलं ते बाबासाहेबांनी. त्या खटल्यात हार झाली आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. चार वर्षांनी रोहमांच्या हाती आलेल्या भाषणाची पूर्वतयारी अशी कोर्टातही झालेली होती.

कर्व्यांची भूमिका लोकसंख्यावाल्यांहून वेगळी होती. देशात माणसं फार झाली म्हणून ती कमी करा, हा त्यांचा मुख्य मुद्दा कधीच नव्हता. मूल कधी हवं आणि मुळात हवं की नको, हे ठरवण्याचा अधिकार स्त्रीचा आहे आणि मुलाच्या धास्तीवाचून सुख घेण्याचाही आहे, असं ते लिहीत. दवाखान्यात गर्दी मात्र झाली नाही. साधनं महाग, जागा परकी आणि लाज आडवी. पुण्यात १९३८ पासून हेच काम पुढे नेलं शकुंतला परांजपे यांनी. रँग्लर परांजप्यांची ही मुलगी केंब्रिजला गणित शिकून आलेली, आणि आदल्याच वर्षी प्रभातच्या ‘कुंकू’मध्ये लोकांनी तिला पडद्यावर पाहिलेलं. पुढे त्या विधान परिषदेत आणि नंतर राज्यसभेत गेल्या, पण विषय तोच धरून राहिल्या. संततिनियमनाच्या मराठी इतिहासात गणितवाले इतके कसे, याचं उत्तर सापडत नाही. पण बाळंतपणं मोजली तर आपोआप डोळे उघडतात, हा अनुभव त्या दोघांनाही आला असावा.

विरोधाची सर्वांत वजनदार गादी वर्ध्याला होती. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर तिथं महात्मा गांधींना भेटल्या. दोघांचं एकमत झालं नाही. बायकांवर बाळंतपणं लादली जातात, हे गांधीजींना मान्य होतं. उपाय मात्र एकच, संयम. पाळीच्या हिशेबानं ‘सुरक्षित’ दिवस पाळण्याच्या पद्धतीबद्दल ते त्यातल्या त्यात नरमले. ही नरमाई पुढे फार महागात पडली, कारण स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या गांधीजींच्याच निकटच्या अनुयायी होत्या.

पण देशात बाळं किती जन्मत होती, हे तरी धड कुणाला माहीत होतं? गावात जन्म-मृत्यूची नोंद गावकामगारांच्या वहीत होई. मूल जन्मलं आणि आठ दिवसांत गेलं, तर जन्मही लिहिला जात नसे आणि मृत्यूही. शिरगणतीत वय विचारलं की उत्तरं वीस, पंचवीस, तीस, चाळीस अशी यायची. एकोणतीस किंवा एकतीस वर्षांची बाई जणू देशात नव्हतीच. म्हणून पाहणी करणाऱ्यांनी युक्त्या काढल्या. वय विचारायचं नाही. प्लेग आला तेव्हा तू केवढी होतीस, मानमोडीच्या साथीत तुझं लग्न झालं होतं का, थोरला पोटात होता तेव्हा कुठला दुष्काळ होता, असं विचारायचं आणि साल आपण बसवायचं. तसंच मुलांचं. ‘मुलं किती?’ या प्रश्नाला बाई अंगणात खेळणारी मुलं मोजून सांगे. मग सासरी नांदणाऱ्या मुली वेगळ्या विचाराव्या लागत, मुंबईला गिरणीत गेलेला मुलगा वेगळा, आणि शेवटी आवाज खाली आणून, ‘गेलेली किती?’ तेव्हा कुठं खरा आकडा हाती येई. आजच्या पाहण्यांतल्या प्रश्नावलीतही मुलांच्या चौकशीचा क्रम साधारण असाच असतो.

वहीतून निसटलेल्या जन्मांसाठी भारतीय संख्याशास्त्रज्ञ सी. चंद्रशेखरन यांनी अमेरिकेच्या एडवर्ड्स डेमिंग यांच्यासोबत १९४९ मध्ये एक लेख लिहिला. त्यातली युक्ती साधी आणि देखणी होती. एकाच गावातल्या जन्मांची यादी दोन स्वतंत्र वाटांनी करायची, एक सरकारी वहीतून, दुसरी घरोघर फिरून. दोन्ही याद्यांत किती नावं जुळतात आणि एकीतली किती दुसरीत सापडत नाहीत, हे पाहायचं. त्यावरून दोन्ही याद्यांतून निसटलेल्या जन्मांचाही अंदाज काढता येतो. जो जन्म कुणीच लिहिला नाही, तोही मोजता येतो! हे पहिल्यांदा करून पाहिलं बंगालातल्या सिंगूरच्या नोंदींवर, पण ते चंद्रशेखरन पुढे मुंबईचे झाले.

पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेनंही हे काम हाती घेतलं होतं. एन. व्ही. सोवनी यांची कोल्हापूर शहराची पाहणी, वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांचा पुणे जिल्ह्याच्या जनन-मृत्यूंचा १९५३ चा अहवाल, मग नाशिक, कुलाबा आणि उत्तर सातारा या जिल्ह्यांची पाहणी. दिल्लीत अजून योजनेचे कागद रंगवले जात होते, तेव्हा इथले तपासनीस बैलगाडीच्या वाटांवर होते. कुमुदिनी दांडेकर यांचं नाव मराठी वाचकाला नवऱ्याइतकं ठाऊक नसतं, हा आपल्या वाचनाचा दोष. मराठी मुलखातल्या बायकांना किती मुलं होतात, किती दगावतात, हे पहिल्यांदा शास्त्रशुद्ध रीतीनं लिहून ठेवलं गेलं त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

कोकणाचं चित्र मात्र वेगळंच होतं. रत्नागिरीत पुरुषांहून बायका जास्त. २०११ च्या जनगणनेतही दर हजार पुरुषांमागे ११२२. कारण उघड होतं. नवरा मुंबईत गाळ्यात दहा-बारा जणांसोबत राहणार आणि गणपती-शिमग्याला घरी येणार. चाकरमान्याच्या बायकोच्या दोन मुलांतलं अंतर ठरायचं ते बोटीच्या, पुढे एसटीच्या वेळापत्रकावर. कोणतंही साधन न वापरता जन्मदर कमी ठेवणारा हा उपाय कुणी सुचवलेला नव्हता आणि कुणाला परवडणाराही नव्हता.

१९५२ हे या कहाणीतलं गजबजलेलं वर्ष. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपये ठेवले गेले. अशी अधिकृत सरकारी योजना आखणारा भारत हा जगातला पहिलाच देश ठरला. नोव्हेंबरात मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली. धन्वंती रामा राव आणि आवाबाई वाडिया यांच्या संस्थेनं ती भरवली होती, सँगर पुन्हा आल्या होत्या, आणि कुटुंबनियोजनाच्या जागतिक संघटनेची स्थापना त्याच परिषदेत झाली. कर्वे तेव्हा हयात होते. सरकारनं साधन कोणतं निवडलं? सुरक्षित दिवसांची पद्धत. बायकांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. रोज एक मणी सरकवायचा, एका रंगाचे दिवस धोक्याचे, दुसऱ्या रंगाचे निर्धास्त. रात्री अंधारात रंग दिसत नसत. काही जणींना माळेतच काही गुण असावा असं वाटलं. प्रयोग फसला, आणि त्यात पहिल्या योजनेची मोलाची वर्षं गेली. वर्ध्याच्या त्या चर्चेची किंमत अशी चुकती झाली.

१९५६ मध्ये भारत सरकार, संयुक्त राष्ट्रं आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांनी मिळून मुंबईत लोकसंख्याशास्त्राचं प्रशिक्षण आणि संशोधन केंद्र काढलं. आशियातल्या देशांचे अधिकारी तिथं शिकायला येऊ लागले. चंद्रशेखरन त्याचे संचालक झाले. गोवंडी स्टेशनच्या रस्त्यावर, देवनारला, ही संस्था आजही आहे आणि अभिमत विद्यापीठ झाली आहे. एका बाजूला कचऱ्याचे डोंगर, दुसऱ्या बाजूला झोपड्यांची दाटी. मुंबईतली लोकसंख्या समजून घ्यायला याहून चोख पत्ता सापडला नसता.

मात्र साठच्या दशकात मोजणारे मागे पडले आणि कापणारे पुढे आले. महाराष्ट्रात पुरुष नसबंदीची शिबिरं भरू लागली. मुंबई महापालिकेचे कुटुंबनियोजनाचे प्रमुख डॉ. डी. एन. पै यांनी तर रेल्वे स्थानकांवरच नसबंदीची केंद्रं थाटली. लोकल पकडायला आलेल्या माणसाला तिथंच शस्त्रक्रिया, तिथंच पैसे. कल्पकता नाकारता येणार नाही. पण कोण येत होतं? कुमुदिनी दांडेकरांनी १९६३ मध्येच महाराष्ट्रातल्या शिबिरांवर लिहिलं होतं. शिबिराच्या यशाचा आकडा आणि जन्मदरातली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही बाब अभ्यासकांना तेव्हाच दिसत होती. चार-पाच मुलं झालेल्या, चाळिशीला टेकलेल्या माणसाची नसबंदी केली तर टळणारे जन्म थोडेच. पण मंत्रालयाला जन्म टळले किती हे मोजायचं नव्हतं, शस्त्रक्रिया झाल्या किती हे मोजायचं होतं. ते सोपं होतं. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, प्रत्येकाला ‘केसेस’चा कोटा आला.

मग आणीबाणी. १६ एप्रिल १९७६ रोजी केंद्रीय मंत्री करणसिंह यांनी लोकसंख्या धोरण जाहीर केलं. मुलींच्या लग्नाचं वय अठरा आणि मुलांचं एकवीस करण्याचा विचार त्यात होता, तसंच राज्यांना हवं तर सक्तीचे कायदे करण्याची मोकळीकही होती. ती मोकळीक घेऊन विधेयक मंजूर करून टाकलं ते शंकरराव चव्हाणांच्या कारकिर्दीतल्या महाराष्ट्रानं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून तो कायदा झाला नाही. कायदा नव्हता म्हणून सक्ती थांबली होती असंही नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश पुरुषांच्या. पुढच्या वर्षी हा आकडा दहा लाखांच्याही आत आला, कारण मधल्या काळात निवडणूक झाली होती.

त्या निवडणुकीतून सगळ्या पक्षांनी एकच धडा घेतला. पुरुषांना हात लावायचा नाही. कोटा तसाच राहिला, फक्त रांग बदलली. आता ती बायकांची होती. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची शिबिरं, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात सतरंजीवर ओळीनं निजवलेल्या बायका, आणि आशाताई येण्याआधीच्या त्या काळात गावोगाव पायपीट करणाऱ्या नर्सबाई. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी जवळपास निम्म्यांची नसबंदी झालेली आढळली. पुरुष नसबंदी अर्ध्या टक्क्याच्याही आत. रोहमांच्या भाषणातला तो झोंबरा मुद्दा इतक्या वर्षांनी आकड्यांत मांडायचा, तर यापेक्षा स्पष्ट मांडता येणार नाही.

मधल्या काळात खरा प्रश्न विचारला तो सरकारी यंत्रणेबाहेरच्या माणसांनी. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं नगर जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केलं. गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. मूल जगेल याची खात्री पटल्यावर आया आपणहून पुढच्या मुलाला नाही म्हणतात, हे तिथं डोळ्यांसमोर घडलं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती छापून आली. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि एकूण बायकांपैकी जेमतेम ८ टक्क्यांची पूर्वी कधी तपासणी झालेली होती. ज्या गर्भाशयांचा हिशेब सरकार तीस-पस्तीस वर्षं ठेवत होतं, त्यांना काही दुखतं-खुपतं का, हे कुणी विचारलेलंच नव्हतं. गेल्या अर्धशतकात मराठी मुलखातून निघालेल्या संशोधनातला हा निबंध सर्वांत अस्वस्थ करणारा म्हणायला हवा.

दोनच मुलं हवीत हे घरोघर पटत गेलं, तसा एक भयंकर हिशेबही रुजला. दोनच, पण त्यात एक मुलगा. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भजल परीक्षेची दुकानं राजरोस चालत. स्त्री संघटना आणि डॉक्टरांच्या एका गटानं मोहीम चालवली, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रानं देशातला पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला. केंद्राचा आला १९९४ मध्ये. तरीही सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ वर आल्या. सोनोग्राफीचं यंत्र ऊसपट्ट्यातल्या समृद्ध गावांत रस्त्यांच्या पाठोपाठ पोचलं. छोट्या कुटुंबाचा प्रचार करताना सरकारनं मुलांची संख्या सांगितली. घरानं त्यात आपली अट घातली.

देवनारच्या संस्थेनं १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्राचा आलेख सलग हाती आहे. यातला ‘एकूण जननदर’ म्हणजे कुठल्या एका बाईची मुलं नव्हेत. पंधरा ते एकोणपन्नास या वयांतल्या बायकांना गेल्या तीन वर्षांत झालेली मुलं वयोगटांनुसार मोजून प्रत्येक वयाचा वार्षिक दर काढायचा आणि त्या दरांची बेरीज करायची. आजच्या दरानं चालली तर एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील, ते त्यातून निघतं. महाराष्ट्रात हा दर पहिल्या फेरीत २.९ होता. मग २.५. २००५-०६ मध्ये २.१, म्हणजे एक पिढी जेमतेम आपल्याइतकीच पुढची पिढी मागे ठेवते त्या पातळीला. २०१५-१६ मध्ये १.९, आणि २०१९-२१ मध्ये १.७.

हे कसं झालं, याचं उत्तर मात्र युरोपच्या पुस्तकांत बसत नाही. तिकडे आधी लग्नं लांबली, मग मुलं कमी झाली. इथं परभणी-बीडमध्ये २०१९-२१ च्या पाहणीतही चाळीस टक्क्यांहून अधिक मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. लग्न लवकर, लगेच पहिलं मूल, लगेच दुसरं, आणि पंचविशीच्या आसपास ऑपरेशन, अशी मराठवाड्याची तऱ्हा. जन्मदर लंडनसारखा, लग्नाचं वय आजीच्या काळातलं. साताऱ्यात जिल्हा परिषदेनं २००७ मध्ये यावर वेगळा तोडगा काढून पाहिला: लग्नानंतर पहिलं मूल दोन वर्षं लांबवणाऱ्या जोडप्याला पाच हजार रुपये, तीन वर्षं लांबवणाऱ्याला साडेसात हजार. ‘हनिमून पॅकेज’ या नावाची थट्टा करावीशी वाटेल खरी, पण रोख बरोबर होता. किती मुलं याऐवजी कधी, हा प्रश्न इथं एका सरकारी कार्यालयानं विचारला होता. सासूबाईंच्या ‘काही गोड बातमी?’पुढे पाच हजार रुपयांचा कितपत टिकाव लागला असेल, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

दरम्यान कायद्याची बाजू आपल्याच तालात चालत राहिली. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं, तर महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची किंवा जिल्हा परिषदेची निवडणूक लढवता येत नाही. कित्येक सरपंचांची पदं यात गेली आणि कोर्टात तिसऱ्या मुलाच्या जन्मतारखेवर वाद रंगले. २००५ मध्ये राज्यानं सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाचे नियम केले, आणि जवळपास त्याच सुमाराला पाहणीचा आकडा २.१ वर आलेला होता. दिल्लीतही १९७६ च्या धोरणाचा एक अवशेष उरला आहे: लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी १९७१ च्या जनगणनेवर गोठवली गेली, म्हणजे मुलं कमी केली म्हणून कुणा राज्याच्या जागा जाऊ नयेत. ती मुदत पुढे २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली गेली. आंध्र प्रदेशानं २०२४ मध्ये दोन मुलांची अट स्थानिक निवडणुकांतून काढून टाकली. मुलं फार कमी होताहेत, ही तिथल्या मुख्यमंत्र्यांची चिंता. महाराष्ट्रात लिपिक पदासाठी अर्ज भरणाऱ्या तरुणाला लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र आजही जोडावं लागतं, मग त्याचं लग्न झालेलं असो वा नसो.